दफ्तर जिंजीला, वतन मावळात: दूरच्या कार्यालयापर्यंत पोहोचण्याचा इतिहास

१/
मित्रहो, आजचा धागा लढाईविषयी नाही, कार्यालयाविषयी आहे. कार्यालय दूर असेल आणि आपण डोंगराआड असू, तर त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे? भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतील घराण्यांना हा प्रश्न सतराव्या शतकाच्या अखेरीस फार महागात पडला. गेल्या पावसाळ्यात तोच प्रश्न माझ्यापुढे एका लॅपटॉपच्या रूपाने उभा राहिला. आरंभ तेथूनच करते.

२/
तोरण्याच्या पायथ्याजवळच्या एका गावी मी मामांकडे मुक्कामाला होते. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, जुन्या कागदांच्या सवयीने माझ्या लेखणीतून वेल्हेच उतरते.) ज्या संस्थेत मी अर्धवेळ काम करते, तेथील मोडी कागदांच्या छायाप्रती पुण्याच्या कार्यालयातील सर्व्हरवर आहेत. प्रबंधाचे एक प्रकरण आठ दिवसांत द्यायचे होते आणि त्यासाठी गुंजण मावळातील एका वतनाच्या तंट्याचा महजर पाहणे अत्यावश्यक होते. मामांच्या किराणा दुकानात फायबरची जोडणी आहे. कार्यालयाने दिलेले व्हीपीएन सुरू केले. ते जोडले गेले, हिरवी खूण उमटली. सर्व्हरचा पत्ता, १९२.१६८.१.२०, टाकला आणि पडद्यावर मामांच्या दुकानातील कॅमेऱ्यांच्या यंत्राचे पान उघडले! महजराऐवजी साखरेची पोती.

३/
कार्यालयातील तंत्रसाहाय्यकास दूरध्वनी केला. ते म्हणाले, "ताई, तुमचा पत्ता सांगा." मी गावाचे नाव सांगितले. "तो नाही हो, यंत्राचा पत्ता." तो निघाला १९२.१६८.१.७. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "तुमचं घर आणि आमचं ऑफिस, दोघांचा मोहल्ला एकाच नावाचा आहे. तुमच्या लॅपटॉपला वाटतंय, सर्व्हर मामांच्या दुकानातच आहे."

या वाक्याने मी महजर विसरून पत्त्यांच्या इतिहासात शिरले. तो इतिहास फारसा जुना नाही, पण मावळच्या अभ्यासकाला तो ओळखीचा वाटतो.

४/
इंटरनेटचा पत्ता कसा असावा याचा जो मसुदा १९८१ मध्ये निश्चित झाला, त्यानुसार प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्या काळी ते अपार वाटले असणार. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट हे मूळ जाळे या नव्या पद्धतीवर आले. पत्त्याचे दोन भाग असतात: आधी जाळे कोणते हे सांगणारा आणि मग त्या जाळ्यातील यंत्र कोणते हे सांगणारा.

आपल्या जुन्या कागदांत 'मौजे अमुक, तर्फ गुंजण मावळ' असे लिहितात, तसेच हे. तर्फ कळली की पत्र कोणत्या खोऱ्यात न्यायचे ते ठरते. मौजा शोधायचा तो खोऱ्यात उतरल्यावर.

५/
लवकरच अडचण आली. विद्यापीठांत एका जाळ्याच्या जागी अनेक लहान जाळी उभी राहू लागली. प्रत्येक इमारतीचे वेगळे. स्टॅनफर्डच्या जेफ्री मोगल यांनी १९८४ मध्ये त्यावर प्रस्ताव मांडला आणि १९८५ मध्ये जॉन पोस्टेल यांच्यासह त्याचे प्रमाण रूप प्रसिद्ध केले: बाहेरच्या जगाला जाळे एकच दिसावे, आत मात्र त्याचे पोटभाग पाडता यावेत. हेच सबनेट. पत्त्यातील जाळ्याचा भाग कोठे संपतो आणि यंत्राचा कोठे सुरू होतो, हे सांगणारी संख्या म्हणजे सबनेट मास्क. २५५.२५५.२५५.० हा मास्क सांगतो की पहिले तीन आकडे जाळ्याचे, शेवटचा यंत्राचा.

या आकड्यावर यंत्राचा सारा व्यवहार चालतो. समोरचा पत्ता आपल्याच पोटभागातला असेल तर यंत्र त्याला थेट हाक मारते. नसेल तर पत्र गेटवेकडे, म्हणजे वेशीवरच्या राउटरकडे, सोपवते. तिसरा मार्ग त्याला ठाऊक नाही.

६/
राजगडाच्या बालेकिल्ल्यावर ज्यांनी स्वच्छ हवेत पहाट पाहिली आहे, त्यांना पोटभाग समजावून सांगावे लागत नाहीत. एका अंगाला गुंजवणीचे खोरे, दुसऱ्या अंगाला कानंदीचे, तिसरीकडे वेळवंडीचे, जिच्यावर आज भाटघरचे धरण आहे. मधल्या डोंगरसोंडा याच सीमा. बारा मावळांची रचना नकाशावर आखलेली नव्हती. पाण्याने आणि कड्यांनी ती पाडून दिली होती. गुंजण मावळात शिळीमकर देशमुख, कानद खोऱ्यात मरळ, हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यात जेधे आणि खोपडे. खोऱ्यातला व्यवहार खोऱ्यात. खोऱ्याबाहेर काही न्यायचे तर खिंड, घाट आणि तेथील माणूस यांना वळसा नाही. आजही पानशेतच्या अंगाने वेल्ह्यास उतरायचे तर पाबे घाट, आणि भोरहून महाडला जायचे तर वरंधा घाटच.

तुलना फार ताणू नये, हे खरे. 'मावळ्यांकडे इंटरनेट होते' अशा थाटाचे लेखन मला मुळीच रुचत नाही. परंतु सीमा असलेल्या प्रदेशात निरोप कसा चालतो, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे.

७/
आता एकाच नावाचा मोहल्ला. पत्ते संपत चालल्याचे १९९० च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट झाले, तेव्हा एक तोडगा निघाला. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारा, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा आणि १९२.१६८ ने सुरू होणारा. ते कोणीही आपल्या घरात, दुकानात, कचेरीत वापरावेत. कोणाची परवानगी नको. अट एकच: हे पत्ते वेशीबाहेर चालणार नाहीत. बाहेर जाताना राउटर त्यांच्यावर आपला सार्वजनिक पत्ता चढवील.

भारतात विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले. म्हणजे आपल्याकडची बहुतेक घरगुती जाळी या तोडग्यानंतरची आहेत. राउटर बनवणारे कारखान्यातूनच १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ हे पत्ते घालून पाठवतात आणि ते कोणी बदलत नाही. परिणामी मामांचे दुकान आणि पुण्यातील कार्यालय एकाच नावाचे निघाले. दोघे आपापल्या वेशीत होते तोवर काही बिघडले नाही. व्हीपीएनने दोघांना जोडले तेव्हा बिघडले.

८/
आपल्याकडे हा घोळ गावांच्या नावांत जुना आहे. राजगडाच्याच परिसरात पाल बुद्रुक आणि पाल खुर्द, वाजेघर बुद्रुक आणि वाजेघर खुर्द. बुजुर्ग म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे; फारसी शब्दांच्या या जोडीने महसुली कागदांत एकाच नावाची दोन गावे वेगळी ठेवली. तंत्रसाहाय्यकांनी सुचवलेला उपाय तत्त्वतः हाच होता. मामांच्या राउटरचे जाळे १९२.१६८.१ वरून १९२.१६८.५७ वर न्यायचे. कार्यालय बुद्रुक, दुकान खुर्द. ५७ हा आकडा का, असे मी विचारले. "सहसा कोणी घेत नाही म्हणून." पाच मिनिटांचे काम, त्यानंतर मामांचा कॅमेरा तासभर बंद राहिला आणि मला बोलणी खावी लागली, ती गोष्ट वेगळी.

९/
माणसांच्या बाबतीत असा घोळ पाच मिनिटांत सुटला नाही. आता जिंजी.

मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला आणि राजाराम महाराज तमिळ प्रदेशातील जिंजीच्या किल्ल्यात पोहोचले. छत्रपती जेथे, तेथे सिंहासन आणि शिक्का. अर्थात हुजूरचे दफ्तर जिंजीला गेले. भोर ते जिंजी हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे ९०० किलोमीटर, आणि मधल्या मुलुखात मोगल फौजा. १६९० पासून खुद्द जिंजीलाच झुल्फिकारखानाचा वेढा. महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्य यांच्याकडे हुकूमतपनाह या किताबासह सोपवला गेला आणि त्यांच्या जोडीला होते शंकराजी नारायण, जे पुढे सचिव झाले. भोरच्या पंतसचिव घराण्याचे हे मूळ पुरुष.

१०/
सचिव हे पद येथे महत्त्वाचे आहे. अष्टप्रधानांत सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे, काम राजपत्रांचा शोध घेणे: मजकुरात अधिक-उणे अक्षर पडले असेल तर ते शुद्ध करणे आणि तपासल्याची खूण करणे. शिवकाळात हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. पत्राच्या माथ्यावर मुद्रा, अखेरीस मोर्तब (मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही जोडू नये यासाठी), आणि दफ्तरात नोंद झाल्याची 'बार' ही खूण. एवढे सारे असेल तर पत्र हुजूरचे.

तरुण मित्रांनी मोडी पत्रे पाहताना मजकुराआधी या खुणा पाहाव्यात. पत्र खरे की खोटे याचा निम्मा निर्णय तेथे होतो. आपला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा याच चिंतेतून आला आहे: कागद कचेरीबाहेर गेल्यावरही तो कचेरीचाच आहे, हे कसे ओळखावे?

११/
१६८९ नंतर मावळातील देशमुखांपुढे दोन दफ्तरे उभी होती. एक जिंजीचे, एक औरंगजेबाच्या छावणीतले. दोन्हीकडून वतनाचे कागद मिळत. मोगलांचा अंमल बसलेल्या मुलुखात मोगली फर्मान नसेल तर वतन जाते. आणि स्वराज्य परत उभे राहिले तर मोगली फर्मानामुळेच जाते. कारीच्या जेध्यांसारख्या घराण्यांना आपल्या बाजूस राखण्यासाठी जिंजीहून आश्वासनाची पत्रे आली, ती यामुळेच. वतने व इनामे देण्याचे धोरण राजाराम महाराजांनी सैल केले ते हौसेने नव्हे; माणसे राखण्यास दुसरे चलन हाती नव्हते.

ज्यांना शक्य झाले ते जीव धोक्यात घालून जिंजीस गेले आणि सनदा घेऊन आले. ज्यांना जमले नाही, त्यांच्या भाऊबंदांपैकी कोणी जाऊन आला. मग एकाच वतनाच्या दोन सनदा, दोन्हीवर शिक्का, दोन्ही अस्सल. एकच पत्ता, दोन धनी. या काळातील वतनांचे तंटे पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले. ज्याची बाजू खरी पण ज्याला दफ्तर गाठता आले नाही, तो या कागदांत बहुधा हरलेला दिसतो. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते.

१२/
पुन्हा मामांच्या दुकानात येऊ. पत्ता बदलला. आता कॅमेऱ्याचे पान उघडेना, पण सर्व्हरही उघडेना. 'पिंग' नावाची साधी चाचणी असते: पलीकडे हाक मारायची आणि प्रतिसादाची वाट पाहायची. हाक जात होती, प्रतिसाद शून्य.

माझा समज असा की वाट बंद आहे. तंत्रसाहाय्यकांनी कार्यालयातून पाहिले तर माझी हाक सर्व्हरपर्यंत व्यवस्थित पोहोचत होती! सर्व्हर उत्तरही देत होता. पण व्हीपीएनमधून येणाऱ्या मला १०.८.० या जाळ्यातला पत्ता मिळाला होता, आणि हे जाळे कोठे आहे हे सर्व्हरच्या गेटवेला कोणी सांगितलेलेच नव्हते. व्हीपीएनचे यंत्र वेगळे, गेटवेचे राउटर वेगळे. सर्व्हर उत्तर गेटवेच्या हाती देई, गेटवे ते बाहेर इंटरनेटच्या दिशेने सोडी आणि तेथे ते नाहीसे होई. गेटवेवर एक ओळ लिहावी लागली: १०.८.० साठीची पत्रे व्हीपीएनच्या यंत्राकडे द्यावीत.

वेगळ्या पोटभागातून कार्यालयाशी जोडताना हा दोष वारंवार आढळतो, आणि तो शोधणे कठीण, कारण तक्रार करणारा जाण्याच्या वाटेकडे पाहत बसतो. दोष परतीच्या वाटेत असतो. तुम्हांपैकी कोणी या अडचणीत असेल तर आधी दोन्ही टोकांचे पत्ते ताडून पाहावेत आणि लगेच परतीची वाट विचारावी.

१३/
मराठी दफ्तरांना परतीची वाट पक्की ठाऊक होती. नुसती सनद वतनदाराच्या हाती देऊन काम संपत नसे. त्याच मजकुराची पत्रे प्रांताच्या अधिकाऱ्यास, देशमुख-देशपांड्यांस आणि गावच्या मोकदमास स्वतंत्र जात: अमुक यास अमुक हक्क दिला आहे, तो चालवावा. अशा पत्रांच्या अखेरीस एक ठरावीक सूचना वाचायला मिळते. तिचा आशय असा की या पत्राची नक्कल दफ्तरी ठेवून अस्सल पत्र भोगवट्यासाठी धन्यास परत द्यावे. म्हणजे हुजूरची आज्ञा वाटेवरच्या प्रत्येक ठाण्यात लिहिली जाई. वतनदार हक्क मागायला गावात उभा राहिला की मोकदमाला तो कोण हे आधीच ठाऊक असे.

जिंजीच्या काळात ही साखळी तुटली. हातात सनद, पण मावळच्या ठाण्यात तिची नोंद नाही. कधी तेथे नोंद होती ती दुसऱ्याच्याच नावाची. जासूद जोडीने पाठवण्याची मराठी रीत होती, एक पडला तरी दुसरा पोहोचावा; पण ९०० किलोमीटरच्या शत्रुमुलुखात जोडीही पुरत नाही.

१४/
उरलेले दोन दोष लवकर सांगून टाकते. परतीची वाट झाल्यावर पिंगला उत्तर आले, तरी फाइली उघडेनात. सर्व्हरची फायरवॉल केवळ स्वतःच्या पोटभागातील यंत्रांनाच फाइली देत होती. अनेक संगणकांत ही मांडणी मूळचीच असते, आणि ती चूक नव्हे, सावधपणा आहे. राजगडाला पाली, गुंजवणे आणि अळू असे दरवाजे. दरवाजा असणे निराळे आणि आपल्यासाठी तो उघडणे निराळे. व्हीपीएनचे जाळे परवानगीच्या यादीत घातले गेले. येथे एक इशारा: पुष्कळ जण कंटाळून फायरवॉलच बंद करून टाकतात. ते करू नये.

दुसरा दोष नावाचा. कार्यालयात बसून सर्व्हरचे नाव टाकले की तो सापडतो, कारण यंत्र आपल्या पोटभागात दवंडी पिटते: अमुक नावाचा कोण आहे? दवंडी वेशीपलीकडे ऐकू जात नाही. गुंजवण्याच्या चावडीवर दिलेली दवंडी भोरच्या पेठेत कशी कळावी? नावाऐवजी आकडी पत्ता टाकला आणि फोल्डर उघडले. संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

१५/
एक दोष मात्र कोणत्याही राउटरने सुटण्यासारखा नव्हता. भोरच्या इतिहासात तो नोंदलेला आहे.

१६९८ च्या आरंभी जिंजी पडली. त्यापूर्वीच राजाराम महाराज निसटून महाराष्ट्राकडे निघाले होते. १७०० मध्ये त्यांचे निधन झाले आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला. शंकराजी नारायण त्यांच्या निष्ठेत राहिले. १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा औरंगजेबाने घेतले. तेही दिवस त्यांनी काढले. मग १७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीवर हक्क सांगू लागले. एका गादीचे दोन धनी, दोघेही शिवछत्रपतींच्या घरातले, दोघांच्याही पत्रांवर छत्रपतींच्याच घराचा अधिकार. राजपत्र खरे की खोटे हे तपासण्याचे ज्याचे पद, त्याच्यापुढे दोन्ही खरी पत्रे आली. एकीला निष्ठेचे वचन दिलेले, दुसरा संभाजी महाराजांचा पुत्र.

शाहू महाराजांचे बोलावणे आल्यावर शंकराजी नारायणांनी कोणाचीही बाजू घेतली नाही. भोरजवळच्या आंबवडे येथे त्यांनी आपला प्राण संपवला. त्यांची समाधी तेथे आहे. भोरहून फार दूर नाही. रायरेश्वर किंवा रोहिडा पाहायला जाल तेव्हा अवश्य थांबा.

शाहू महाराजांनी सचिवपद त्यांच्या अल्पवयीन मुलाकडे, नारो शंकर यांच्याकडे, चालू ठेवले. पंतसचिवांचे भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले.

१६/
महजर मी त्या रात्री वाचला. गोतसभेतल्या लोकांच्या निशाण्या एकाखाली एक आहेत: कोणाचा नांगर, कोणाची कट्यार. ज्या पक्षाने जिंजीची सनद दाखवली, त्याच्या बाजूने निर्णय. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे दोन ओळींत आटोपलेले आहे. त्यापैकी एका ओळीवर वाळवी लागली आहे. मूळ कागद हाती घेऊन तो उजेडात धरून पाहावा लागेल. पाऊस उघडला की पुण्याला जाते.

पत्त्यांच्या घोळात अडकलेल्यांनी प्रश्न खाली विचारावेत. पुढचा धागा मोर्तबाच्या शिक्क्यांवर.